गारा, हिमकण आणि परमुलखातला बर्फ : घरातल्या आठवणी कशा नोंदवाव्यात

साताऱ्यात बर्फ पडत नाही, तरीही इथल्या जुन्या घरांत बर्फाची एखादी तरी गोष्ट असतेच. कुठल्याशा उन्हाळ्यात वळवाबरोबर अंगणात गारांचा खच पडला होता, कुठल्याशा पहाटे महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या काठचे गवत पांढरे झाले होते, किंवा ह्यूस्टनसारख्या दमट आणि उकाड्याच्या शहरात राहणाऱ्या भाच्याने फोन फिरवून दारातला बर्फ दाखवला होता. उष्ण प्रदेशातल्या माणसाला असे प्रसंग आयुष्यात मोजकेच लाभतात, त्यामुळे ते पुन्हा पुन्हा सांगितले जातात आणि प्रत्येक सांगण्यात थोडे फुगतात. गेली काही वर्षे मी आमच्या घरातल्या आणि नात्यागोत्यातल्या अशा आठवणी वहीत उतरवतो आहे. त्यात झालेल्या चुकांतून जी पद्धत बसत गेली ती इथे मांडतो.

पहिली चूक माझ्याच आठवणीची होती. वेण्णा तलावाच्या जेटीच्या फळ्यांवर साचलेला पांढरा थर, त्यावर बोटाने ओढलेली रेघ आणि ते गारठलेले बोट वडिलांनी मफलरने पुसणे, हे सारे मी चाळिशीपर्यंत स्वतः पाहिलेले म्हणून सांगत असे. पुढे कपाटात त्या सहलीचा फोटो सापडला. मागच्या बाजूला वडिलांच्या अक्षरात तारीख होती आणि त्या तारखेला मी चौदा महिन्यांचा होतो. फोटोत जेटीवर उभा असलेला मुलगा माझा थोरला भाऊ आहे, आणि मी आईच्या कडेवर शालीत गुंडाळलेला, गाढ झोपलेला आहे. बोट त्याचे होते. आठवण मात्र ऐकून ऐकून माझी झाली होती.

त्या दिवसापासून वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मारून डाव्या बाजूला ‘पाहिलेले’ आणि उजव्या बाजूला ‘ऐकलेले’ असे लिहितो. वाचणाऱ्यांनीही सुरुवात याच रेघेपासून करावी. उजवीकडचा मजकूर कमी मोलाचा असतो असे मुळीच नाही, कारण घराची गोष्ट बहुधा त्याच बाजूला सापडते. पण दोन्ही एकत्र लिहिले की पुढच्या पिढीला ते कधीच वेगळे करता येत नाही.

आधी काय पडले ते ठरवावे

आपल्याकडे ‘बर्फ पडला’ हे दोन शब्द चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरले जातात. त्यांतली नेमकी कोणती गोष्ट होती हे ठरल्याशिवाय पुढचे प्रश्न विचारून उपयोग नाही. सर्वांत सोपा प्रश्न आवाजाचा. गार ढगातून वेगाने खाली येते, पत्र्यावर वाजते, कौल फोडते आणि पानाला भोक पाडते. बर्फही ढगातूनच येतो, पण स्फटिकांच्या भुरभुरीत पुंजक्यांच्या रूपाने उतरतो आणि त्याचा आवाज होत नाही. तो खिडकीतून पाहिल्याशिवाय कळत नाही. हिमकण आणि गोठलेले दव मात्र वरून पडतच नाहीत. हवेतल्या बाष्पाचे थंडगार पृष्ठभागावर थेट स्फटिक झाले तर पिठूळ पांढरे हिमकण दिसतात, आणि आधी दव पडून मग ते गोठले तर काचेच्या मण्यांसारखे स्वच्छ थेंब दिसतात. म्हणून ‘सकाळी उठून पाहिले तर सगळे पांढरे होते’ असे कोणी सांगितले, की रात्री काही पडताना पाहिले का, हे आवर्जून विचारावे. महाबळेश्वरच्या बहुतेक आठवणींत याचे उत्तर ‘नाही’ असेच येते.

महाबळेश्वरच्या बाबतीत आणखी एक घोळ नेहमी होतो आणि त्यापायी म्हाताऱ्या माणसांना उगाच खोटे ठरवले जाते. वर्तमानपत्रात त्या दिवशीचे किमान तापमान सात किंवा आठ अंश छापलेले असते, आणि आजोबा सांगतात की गवत गोठले होते. यात दोघेही खरे असू शकतात. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत ठेवलेला असतो. आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल तर रात्रभर जमीन आपली उष्णता वर टाकत राहते आणि गवताच्या पात्याजवळचे तापमान पेटीतल्या आकड्याहून कित्येक अंशांनी खाली जाते. शिवाय थंड हवा जड असल्यामुळे ती उतारावरून वाहत सखल भागात साचते. वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याचा परिसर हा असाच सखल आहे, त्यामुळे गावात नुसता गारठा असताना तिथल्या जेटीवर, गाड्यांच्या टपांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर हिमकण दिसतात. म्हणून आठवणीत जागा लिहिताना ‘महाबळेश्वर’ एवढ्यावर न थांबता तलावाकाठी की बाजारपेठेत, गवतावर की गाडीच्या टपावर, हे विचारून घ्यावे. वेळही विचारावी. हिमकण उजाडण्याच्या सुमारास दिसतात आणि ऊन लागले की थोड्याच वेळात जातात. मेढ्यामार्गे साताऱ्याहून महाबळेश्वर साधारण पंचावन्न किलोमीटर पडते. तेव्हा सकाळी आठला साताऱ्याहून निघून हिमकण पाहिल्याचे कोणी सांगत असेल तर ती आठवण बहुधा उजव्या रकान्यात जाईल.

विचारण्याची रीत

समारंभात किंवा दहा माणसांत हा विषय काढू नये, कारण तिथे गोष्ट रंगते आणि तपशील वाहून जातो. दुपारी जेवणे झाल्यावर, एकट्या माणसापाशी, पंखा बंद करून बसावे. पंख्याचा आवाज मोबाइलच्या ध्वनिमुद्रणात इतका भरतो की मागाहून निम्मे शब्द कळत नाहीत, हे मी दोन चांगल्या मुलाखती वाया घालवून शिकलो. मुद्रण सुरू करण्याआधी परवानगी घ्यावी, आणि मुद्रण चालू असले तरी कागदावरही टिपत राहावे.

प्रश्नात उत्तर घालू नये. ‘गारा खूप मोठ्या होत्या का?’ असे विचारले की उत्तर हमखास ‘हो’ येते. त्याऐवजी तुम्ही कुठे होता, अंगावर काय होते, हातात काय काम होते, पहिल्यांदा कोण ओरडले, असे विचारत जावे. माणूस उभा होता ती जागा एकदा पक्की झाली की पुढचे आपोआप सुटत जाते. शेजारच्या एका काकूंशी झालेले बोलणे वहीत जसेच्या तसे आहे. “तेव्हा तुम्ही कुठे होता?” “चुलीपाशी. भाकरी तव्यावर होती.” “मग गारा दिसल्या कशा?” “दिसल्या कुठं? पत्र्यावर वाजल्या. भाकरी टाकून मला उठू देत्यात व्हय सासूबाई!” त्याआधी पंधरा मिनिटे काकू गारांचा आकार, रंग आणि अंगणातला खच यांचे वर्णन करत होत्या, ते सगळे सासूबाईंचे होते. काकूंचा स्वतःचा म्हणावा असा भाग म्हणजे पत्र्याचा आवाज आणि करपलेली भाकरी. मला विचाराल तर तोच सर्वांत पक्का भाग आहे, कारण तो दुसऱ्या कोणाकडून आलेला असण्याची शक्यता नाही.

लिहिताना सांगणाऱ्याची भाषा बदलू नये. ‘देत्यात व्हय’चे ‘देतात का’ केले की काकू वहीतून निघून जातात.

एकाच प्रसंगाचे दोन साक्षीदार असतील तर त्यांना आधी वेगवेगळे आणि मगच एकत्र बसवून विचारावे. त्यांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही लिहावे. एकाने चार बोटे थर सांगितला आणि दुसऱ्याने वीतभर, म्हणून मधला आकडा काढून लिहिणे हे सर्वांत वाईट, कारण तो आकडा कोणीच पाहिलेला नसतो.

ताटात ठेवलेली सुपारी

गारांचा आकार आपल्याकडे नेहमी खाण्याच्या वस्तूंवरून सांगतात आणि ती रीत चांगलीच आहे, फक्त शब्दावर विसंबू नये. हरभऱ्याएवढी, बोराएवढी, सुपारीएवढी, आवळ्याएवढी, लिंबाएवढी ही चढण सगळ्यांना माहीत असते, पण सांगताना जीभ सहज एक-दोन पायऱ्या वर जाते. माझी आई आयुष्यभर ‘लिंबाएवढ्या गारा’ म्हणत आली होती. एके दिवशी मी एका ताटात हरभरा, बोर, सुपारी, आवळा आणि लिंबू शेजारी शेजारी ठेवून तिला नुसते एवढेच म्हटले की त्या दिवशी हातात घेतलेली गार यातली कोणती, ते उचलून दाखव. तिने लिंबाला हातही लावला नाही. बोर उचलले, तळहातावर ठेवून मूठ मिटली, परत ठेवले, मग सुपारी उचलून तसेच केले आणि म्हणाली, “याहून जराशी बारीक, पण गोल नव्हती, चपटी होती, आणि मध्ये दुधाळ ठिपका होता.” चपटेपणा आणि दुधाळ ठिपका या दोन गोष्टी तिने तोपर्यंत कधीच सांगितल्या नव्हत्या. मुठीला जे आठवले ते तोंडाला आठवत नव्हते. ती सुपारी मी पट्टीवर ठेवली तेव्हा 22 मिलिमीटर भरली, आणि वहीत ‘22 मिलिमीटरच्या सुपारीहून थोडी बारीक’ असेच लिहिले.

दुधाळ ठिपका ही कल्पना नव्हे. गार ढगात वर-खाली होत असताना तिच्यावर पाण्याचे थर गोठत जातात. पाणी झटकन गोठले तर हवेचे बुडबुडे अडकून थर पांढरट होतो, आणि सावकाश गोठले तर तो पारदर्शक राहतो. म्हणून गार फोडून किंवा चावून पाहिली होती का, आत कांद्यासारखे पापुद्रे दिसले का, हे विचारण्यासारखे आहे. लहानपणी गारा न खाल्लेला माणूस सापडणे कठीण, त्यामुळे उत्तर बहुधा मिळते.

थराच्या उंचीबाबतही अशीच खबरदारी घ्यावी. ‘गुडघाभर गारा’ ऐकल्या की त्या कुठे साचल्या होत्या ते विचारावे. उतरत्या कौलांवरच्या सगळ्या गारा घरंगळून वळचणीला आणि पन्हळीच्या तोंडाशी गोळा होतात, आणि मुलांनी पाहिलेला ढीग नेमका तिथलाच असतो. अंगणाच्या मध्यावर त्याच वेळी जेमतेम जमीन झाकली गेलेली असते.

तारीख कशी बसवावी

वर्ष विचारू नये. आधी काय चालले होते ते विचारावे. साताऱ्याच्या जुन्या माणसांसाठी सर्वांत पक्की खूण म्हणजे 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप. त्याच्या आधीचे की नंतरचे हे सहसा कोणी चुकत नाही. मग 1972 चा दुष्काळ, आणि अलीकडच्या आठवणींसाठी ऑगस्ट 2019 चा महापूर. घरातली लग्ने, बारशी आणि दहावीच्या परीक्षा यांनी मधली वर्षे भरून निघतात. महिन्यासाठी यात्रा उपयोगी पडतात. मांढरदेवची यात्रा पौष पौर्णिमेला आणि शिखर शिंगणापूरची चैत्रात असते. त्यामुळे ‘मांढरदेवाहून आल्यावर’ हे शब्द हिमकणांच्या आठवणीत आले तर ते ऋतूशी जुळतात. गारा आपल्याकडे मुख्यतः फेब्रुवारी ते मे या काळातल्या, ऐन पावसाळ्यात त्या क्वचितच. म्हणून श्रावणातल्या गारा सांगणाऱ्याला पुन्हा एकदा हळूच विचारावे.

सांगली भागात द्राक्षबाग हेच कॅलेंडर असते. माझी मावशी तासगाव तालुक्यात दिलेली. तिला साल आठवेना, पण मण्यांत पाणी उतरले होते, म्हणजे द्राक्षे पिकू लागली होती, हे ती ठामपणे म्हणाली, म्हणजे ऑक्टोबर छाटणीच्या बागेसाठी साधारण जानेवारी-फेब्रुवारी. कोणी शेडमध्ये रॅकवर बेदाण्याचा माल होता असे सांगितले तर काळ त्याच्याही पुढे सरकतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्राच्या मोठ्या भागात जी गारपीट झाली तिच्या आठवणी अजून ताज्या आहेत आणि त्यांना पंचनाम्याच्या कागदांचा आधार मिळू शकतो.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ज्या घरात बाग आहे तिथे गारांची गोष्ट गंमत म्हणून विचारू नये. शहरातल्या माणसाला गारा म्हणजे परातीत वेचलेली मौज वाटते. मावशीच्या घरी त्या दहा मिनिटांनी वर्षाचा माल आणि पुढचे दोन हंगाम नेले होते. तिने पहिल्या दिवशी विषय टाळला. दुसऱ्या खेपेला भांडी घासता घासता ती स्वतःच बोलू लागली, आणि त्या वेळी वही काढणे मला बरे वाटले नाही. घरी येऊन त्याच रात्री आठवेल तसे लिहिले आणि वर ‘समोर टिपलेले नाही’ अशी नोंद केली. अशी नोंद करायला संकोच वाटू देऊ नये.

कागदांत भिंतीवरचे कॅलेंडर फार कामाचे ठरते. कालनिर्णय 1973 पासून निघते आहे आणि अनेक घरांत त्याच्या चौकोनांत दुधाचा हिशेब लिहिलेला असतो. गवळी आला नाही त्या दिवसाच्या चौकोनात ‘गारा’ असा एकच शब्द मला एका घरी मिळाला. जुन्या पत्रांवर किंवा दाखल्यांवर ‘जिल्हा दक्षिण सातारा’ असे असेल तर तो कागद साधारण 1949 ते 1960 मधला समजावा, कारण आजच्या सांगली जिल्ह्याचे नाव त्या काळात तसे होते.

फोनवरून पाहिलेला बर्फ

आता परगावच्या, म्हणजे खऱ्या बर्फाच्या आठवणी. साताऱ्याचा आणि ह्यूस्टनचा उकाडा एका जातीचा वाटला तरी तिथे बर्फ पडू शकतो आणि इथे नाही. याचे कारण भूगोलात आहे. उत्तर ध्रुवाकडची थंड हवा कॅनडातून खाली सरकली की अमेरिकेच्या मधल्या सपाट प्रदेशात तिला अडवणारी आडवी पर्वतरांग नाही. ती क्वचित थेट दक्षिणेच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचते आणि मेक्सिकोच्या आखातावरच्या दमट हवेशी गाठ पडली तर बर्फ पडतो. आपल्या उत्तरेला हिमालय उभा आहे आणि आपण विषुववृत्ताच्याही पुष्कळ जवळ आहोत.

भाच्याकडून तारखा घेताना पहिल्यांदा दोन्हीकडचे घड्याळ लिहावे. हिवाळ्यात ह्यूस्टन आपल्यापेक्षा साडेअकरा तासांनी मागे असते, त्यामुळे तिथल्या रात्रीचा बर्फ आपण दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलेला असतो आणि दोन्ही घरांच्या वह्यांत वेगवेगळी तारीख पडते. टेक्सासच्या किनाऱ्यावरचा डिसेंबर 2004 चा नाताळचा बर्फ आमच्या घरात ‘त्सुनामीच्या आदल्या दिवशीचा’ म्हणून सांगितला जात असे. त्सुनामी 26 डिसेंबरची आणि तिथला बर्फ 24 च्या रात्रीचा, म्हणजे इथल्या 25 च्या सकाळचा; दोन्ही तारखा बरोबर होत्या. 21 जानेवारी 2025 चा बर्फही त्याने असाच दाखवला. त्या दिवशी आखाताच्या काठची कितीतरी शहरे पांढरी झाली आणि न्यू ऑर्लिन्सच्या विमानतळावर सुमारे 8 इंच बर्फ मोजला गेला. भाच्याच्या दारात मात्र किती होता हे त्याने पट्टी लावून पाहिले नव्हते, म्हणून वहीत फक्त ‘बूट बुडाला नाही’ एवढेच आहे. शहराचा आकडा घराच्या नोंदीत घुसडू नये.

बर्फ जमिनीवर टिकला नाही म्हणून तो पडलाच नाही असेही मानू नये. मायामीत 19 जानेवारी 1977 रोजी पडलेल्या भुरभुरीचा थर बसला नाही, तरी ती त्या शहराच्या इतिहासात नोंदली गेली, कारण ती पडताना लोकांनी पाहिली होती.

आणि सांगणारा भलतीकडे वळला तर वळू द्यावे. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासात कडाक्याची थंडी पडून लाखो घरांची वीज गेली होती. त्या आठवड्याबद्दल विचारले तेव्हा भाचा बर्फावर दोन वाक्ये बोलला आणि फुटलेल्या नळांवर अर्धा तास. मी तो अर्धा तास पूर्ण उतरवला.

फोटो मागताना मूळ फाइल मागावी. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतली वेळेची आणि जागेची माहिती गळून जाते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती राहते. महाबळेश्वरचा म्हणून फिरणारा बर्फाचा फोटो आला, तर आधी मागची झाडे पाहावीत. माझ्याकडे आलेल्या अशा एका फोटोत हिमालयातले देवदार उभे होते.

वही ठेवावी कशी

एका प्रसंगाला एक पान द्यावे, सांगणाऱ्याचे नाते आणि तेव्हाचे वय वर लिहावे, आणि विचारल्याची तारीख खाली. ध्वनिमुद्रणाची एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे द्यावी. 2019 च्या पुरात सांगलीतल्या एका नातलगांच्या तळमजल्यावरचे अल्बम चिखलात गेले आणि त्यातले चार फोटो वाचले ते केवळ आमच्याकडे प्रती होत्या म्हणून. पानाचा खालचा एक तृतीयांश भाग कोराच सोडावा, कारण लिहिलेले वाचून दाखवले की ऐकणाऱ्याला हमखास काहीतरी वेगळे आठवते.

वेण्णा तलावाचे पान मी भावाला वाचून दाखवले तेव्हा त्याने ते मुकाट्याने ऐकले, पेन मागितले आणि कोऱ्या जागेत लिहिले : ‘मफलर बाबांचा नव्हता, आत्याचा होता. बोट मी पुसू दिले नाही, चाटले.’